आरमकाठची सकाळ

नाशिक जिल्ह्यातील सटाणा आरम नदीच्या काठी वसले आहे. येथील सकाळच्या फेरीची सोपी वाट नदीकाठच्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरापासून सुरू होते. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला. लोकांनी त्यांना देवपण दिले.

गावाबाहेर कांद्याची शेते आणि डाळिंबाच्या बागा लागतात. आरम, मोसम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत जुनी फड बागायत रुजली. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी वळवायचे, शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी तिची रीत. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याकडे असते. पाट हलक्या उताराने जातो, म्हणून त्याच्या कडेची पायवाट लहानथोरांना सोसवते.

बागलाणच्या, म्हणजे सटाणा परिसराच्या, पश्चिमेला डोंगररांगा आहेत. त्यांतील साल्हेर १,५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. त्या चढाईला दमसास लागतो. पाटाकाठी मात्र सावकाश पावले पुरतात, आणि वाटून घेतलेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे पोहोचते, हे चालता चालता उमगते.