कितवा आलास?

शास्त्रपाठ : मार्क ९:३३-३७

कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांमध्ये वाद झाला की, आपल्यांत मोठा कोण? घरी आल्यावर प्रभूने त्यांस विचारले, तेव्हा ते लाजून गप्प राहिले. मग त्याने एका बालकास घेऊन त्यांच्या मध्यभागी उभे केले.

प्रिय बंधुभगिनींनो, जालना, अंबड, भोकरदन, परतूर ह्या आपल्या भागांतील शाळांतून मुलांच्या शर्यती होतात, लंगडी व खो-खोचे सामने होतात. मूल धापा टाकीत घरी येते, आणि आपला पहिला प्रश्न असतो, "कितवा आलास?" पहिल्या आलेल्यास पेढा, शेवटच्यास टोमणा. पुढल्या वर्षी ते लेकरू पोटदुखीचे निमित्त करून घरी बसते. प्रभूने ज्यास मध्यभागी उभे केले, त्यास आपण कडेला लोटले.

कोणी म्हणतील, मग चढाओढच बंद करावी. आम्हांस तसे वाटत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीस बोध करिताना शर्यतीचाच दाखला घेतला (१ करिंथ ९:२४). एरिक लिडेल ह्यांनी १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ४०० मीटरची शर्यत जिंकली. पुढे ते चीन देशी मिशनरी झाले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या बंदिछावणीत ते मुलांस शिकवीत व त्यांचे खेळ घेत. तेथेच १९४५ साली ते निवर्तले. देवाने दिलेली शक्ती त्यांनी लपविली नाही, आणि ती दुसऱ्यांच्या लेकरांसाठी खर्चिली. दोष धावण्यात नाही. दोष गर्वात व हिणवण्यात आहे.

आपला खो-खोच पाहा. पाठलाग करणाऱ्यांचे आठ गडी बसलेले असतात, नववा धावतो. तो कितीही चपळ असो, वेळ आली म्हणजे खो देऊन त्याने बसावे आणि बसलेल्याने उठावे. एकटाच धावू पाहणारा आपल्या संघास बुडवितो.

जालन्यानजीक बेथेल वस्ती वसविणारे रेव्ह. नारायण शेषाद्रि जन्माने ब्राह्मण होते. परंतु समाजाने ज्यांस शेवटच्या पंक्तीस बसविले होते, त्यांच्यामध्ये ते जाऊन राहिले. आपणांपैकी कित्येकांचे आजे-पणजे त्याच पंक्तीतले. शेवटचा म्हणवून घेण्याचे दुःख ज्या घराण्यांनी भोगले, त्यांनीच आपल्या लेकरास "शेवटचा" म्हणून हिणवावे काय?

तर शर्यती होऊ द्या. परंतु लहान वर्गांत एकही मूल खेळाबाहेर राहू नये, आणि शेवटच्या मुलाने रेघ ओलांडीपर्यंत कोणी आईबापाने मैदान सोडू नये. पहिल्यास टाळी द्या, शेवटच्यासही द्या. आणि घरी आल्यावर विचारा, "बाळा, आज पडलेल्या कोणास हात दिलास काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर देताना कोणत्याही मुलास लाजून गप्प राहावे न लागो, अशी प्रभू आपणांस बुद्धी देवो. आमेन.