सेवा आणि सेवकाचें सुख

वैशाखांत सोलापुरास पारा ४२ अंशांच्या वर चढतो. शाळांना कुलुपें पडतात, आणि याच दिवसांत ख्रिस्ती मंडळींचीं तरुणांसाठीं शिबिरें भरतात. ही चाल मूळची अमेरिकेची. तेथील ख्रिस्ती तरुण संघाचा डडली नांवाचा कार्यकर्ता १८८५ सालीं सात मुलांस घेऊन न्यूयॉर्क प्रांतांतील एका सरोवराकांठीं राहिला होता. आमच्याकडे सरोवराच्या जागीं शाळेचें आवार आणि कडुनिंबाची सांवली असते, एवढेंच. सकाळीं शास्त्रवाचन, मग गाणीं, ऊन उतरल्यावर खेळ, रात्रीं उपासना. स्वयंसेवकाच्या वांट्यास येणारें काम याहून पुष्कळच गद्य: सतरंज्या झटकणें, पाण्याचे पिंप भरणें, हरवलेली चप्पल शोधून देणें, आईच्या आठवणीनें रात्रीं रडणाऱ्या पोराजवळ बसणें. वेतन नाहीं, प्रवासखर्चहि पदरचा. अशा कामांतून नीतीचा कांहीं बिकट प्रश्न उद्भवेल असें वाचकांस वाटणार नाहीं. आम्हांसहि वाटलें नव्हतें.

एका शिबिराची शेवटची रात्र होती. दिवे मालवून मेणबत्त्या लावल्या होत्या. ज्यास आपलें जीवन प्रभूस अर्पण करावयाचें असेल त्यानें हात वर करावा, असें पाळकांनीं सांगितलें. आमच्या गटांत एका यंत्रमाग कामगाराचा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यानें आधीं मागें वळून पाहिलें, आम्ही पाहत आहों अशी खात्री करून घेतली आणि मग हात वर केला. आमचे डोळे भरून आले. घरीं परततांना मात्र तें मागें वळून पाहणें कांट्यासारखें बोचूं लागलें. तो हात परमेश्वरासाठीं वर झाला, कीं आमच्यासाठीं?

मुलगा ख्रिस्ती घरचाच होता. तेव्हां धर्मांतराचा जो वाद आपल्याकडे लगेच उभा राहतो, त्याचा येथें संबंध नाहीं. प्रश्न त्याहून जवळचा आहे. कोणी म्हणेल, यांत बिघडलें काय? श्रद्धा ही माणसाच्या प्रेमावाटेंच मुलांत शिरते. देव प्रथम दिसतो तो आईच्या तोंडावर. हें आम्हांस मान्य आहे. परंतु आई दुसऱ्या दिवशींहि घरींच असते. स्वयंसेवक सहाव्या दिवशीं आपली वळकटी बांधून निघून जातो. जो जाणार हें ठरलेलें आहे, त्यानें कोवळ्या मनाचा आधार होऊन बसावें काय?

पुणें-सोलापूर लोहमार्गावर केडगांव लागतें, तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. त्यापूर्वीं १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, पुढें तें पुण्यास नेलें. विद्यार्थिनींस धर्म शिकवावयाचा नाहीं, असें वचन होतें. बाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडें ठेवून करीत, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसत. यावरून गदारोळ होऊन १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांनीं सदनाशीं असलेला संबंध सोडला. बाईंनीं कोणास बोलाविलें नाहीं, हें खरें. पण जी जेवूं घालते, शिकविते, माया करते, तिचें उघडें दार हेंच बोलावणें होतें, हेंहि खरें. बरें, दार लावून प्रार्थना केली असती तर ती लपवाछपवी झाली असती! आम्हांस या प्रकरणांत आजवर कोणा एका पक्षास सर्वस्वीं दोष देतां आलेला नाहीं.

खुद्द सोलापुराची जुनी कथा या बाबतींत अधिक निर्दय आहे. बाराव्या शतकांत सिद्धरामानें लोकांसाठीं येथें तळें खोदविलें. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, काम चाललें असतां अल्लमप्रभु तेथें आला आणि त्या थोर पुरुषाचा 'ओड्डराम', म्हणजे माती उपसणारा राम, असा त्यानें पुकारा केला. मजूर खवळले. अल्लमाचा रोख तळ्यावर नव्हता. 'हें मीं केलें' या भावनेवर होता. तरीहि तहानलेल्यास पाणी तेंच मिळालें. सिद्धरामाचा अहंकार गेला काय किंवा राहिला काय, त्यानें पाण्याची चव बदलली नसती. आमची अडचण निराळी आहे. आपणांस कोणी खोदलें हें तळें मागें वळून पाहत नाहीं. मूल पाहतें.

पुढच्या वर्षीं आम्हीं गट घेतला नाहीं. पाण्याच्या पिंपावर बसण्याचें काम मागून घेतलें. व्यवस्थापकांस तें विचित्र वाटलें, पण पिंपावर बसावयास दुसरें कोणी तयार नसल्यामुळें त्यांनीं फारशी चौकशी केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो मुलगा आला. वर्षभरांत उंच झाला होता, आवाज फुटला होता. त्यानें एकामागून एक दोन पेले पाणी घटाघटा पिऊन टाकलें, पेला उपडा ठेवला आणि आमच्याकडे न पाहतांच सोबत्यांत पळाला.

आम्हांस वाईट वाटलें, आणि तें संध्याकाळपर्यंत वाटत राहिलें.