काशीतल्या ख्रिस्ती घरातला निसर्गपाठ

काशीत राहणाऱ्या ख्रिस्ती आईवडिलांपुढे एक प्रश्न उभा राहतो. पुण्या-नागपुरातल्या घरांत तो इतका धारदार होऊन येत नाही. शेजारी जिला आई म्हणून हात जोडतात, ती गंगा आपल्या मुलाला कोण म्हणून दाखवायची? ‘ती देव नाही’ एवढंच सांगून थांबलं, तर मुलाच्या लेखी ती नुसतं पाणी उरते, आणि नुसत्या पाण्याची फिकीर कोण करतं? घरातला निसर्गपाठ नेमका इथून सुरू व्हावा, असं मला वाटतं. नदी देव नाही, पण ती देवाची आहे. म्हणूनच ती आपल्या मालकीची नाही.

मराठी माणसांपुढे हा पेच पूर्वीही आला होता. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचं खंडन करायला ते पुढे सरसावले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ मध्ये काशीतच जन्मली. आई लवकर गेली आणि मुलीची घडण्याची वर्षं इंग्लंडमध्ये एका मिशनरी कुटुंबात गेली. १८८० मध्ये ती भारतात परतली, सेवाकार्यात रमली. तिचं नाव झालं ते मात्र इंग्रजी भक्तिगीतांमुळे. तिला सांभाळणाऱ्यांबद्दल कृतज्ञता वाटते. तरी गंगेच्या गावी जन्मलेल्या या मुलीचे जाणते ऋतू परमुलखात गेले, याची हळहळही वाटते.

तीच गोष्ट आज कुणी परदेशी न जाताही घडते. मुलांच्या सचित्र बायबलात हिरवीगार कुरणं असतात, लोकरी मेंढ्या असतात. नाताळात प्लॅस्टिकच्या सूचिपर्णी झाडावर कापसाचा बर्फ पडतो. मुलाची नकळत समजूत होते, की देवाने निर्माण केलेली सृष्टी तिकडे कुठेतरी आहे आणि दारातला कडुनिंब, पिंपळ, गंगा हे सगळं शेजाऱ्यांचं आहे. वास्तविक येशूच्या बोलण्यात बर्फाळ जंगलं नाहीतच. तिथे गहू, मोहरी, अंजीर, चिमण्या आणि मासेमारीची जाळी आहेत. बनारसच्या मुलाला यातलं काय परकं आहे?

हिवाळ्यात मुलाला चोलापूरकडच्या गव्हाच्या शेतात न्यावं. तिथे ‘गेहूँ का मामा’ नावाचं तण उगवतं. ओंबी येईपर्यंत ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. मुलाला बांधावर बसवून रोपाचा बुंधा नीट पाहायला लावला, तर तणाच्या बुंध्याशी तांबूस छटा सापडते. ती त्याची त्याला सापडू द्यावी. मग गव्हात शत्रूने पेरलेल्या तणाचा दाखला सांगावा. तण उपटण्याची घाई करणाऱ्या चाकरांना धनी का थांबवतो, हे त्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही. चांगलं आणि वाईट इतकं एकसारखं दिसू शकतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आधी डोळा, मग दाखला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. क्रम उलटला की शेत हे वचनाचं नुसतं चित्र होऊन बसतं आणि मूल शेताकडे बघायचं थांबतं.

याच दिवसांत गंगेवर कुरव पक्षी येतात. हिमालयापलीकडच्या तलावांवरून येणाऱ्या या पाहुण्यांना बनारसी लोक सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. नावेतून त्यांना शेव टाकली जाते आणि थवे झेपावतात. दृश्य मोहक असतं, पण तळलेली खारट शेव हे पक्ष्यांचं अन्न नव्हे. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना पोसतो, हे वचन ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा: पिता त्यांना कशाने पोसतो? नदीतल्या माशांनी, किड्यांनी. म्हणजे नाल्याचं सांडपाणी नदीत सोडणं हे त्या पित्याने वाढलेलं ताट उधळणं आहे. विश्वास आणि जीवशास्त्र इथे एकाच वाक्यात येतात.

निसर्गाच्या ख्रिस्ती आकलनावर एक गंभीर आरोप आहे. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये तो मांडला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे आणि पर्यावरणाच्या संकटाचं मूळ त्या कल्पनेत आहे, असा त्यांचा रोख होता. हा आरोप झटकून टाकू नये. पण दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवलं जातं ते मशागत आणि राखण करण्यासाठी. ईयोबाच्या पुस्तकात आणि १०४व्या स्तोत्रात तर माणसाला काडीचाही उपयोग नसलेल्या रानप्राण्यांचं देवाला कौतुक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधल्या परिपत्रकात हाच धागा उचलला: प्रत्येक जिवाला स्वतःचं मोल आहे.

काशीने हे मोल विसरण्याचं एक उदाहरण आपल्यापुढे ठेवलं आहे. गंगा कृती योजनेत अर्धवट जळालेले देह खाऊन नदी साफ ठेवतील म्हणून कासवं सोडली गेली. १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत सात किलोमीटरचं कासव अभयारण्य झालं. पुढे ते रद्द झालं. ज्याला आपण उपयोगासाठी जवळ करतो, दुसरा उपयोग मोठा वाटला की त्याला दूरही करतो. म्हणून मुलाला सूंस, म्हणजे गंगेतली डॉल्फिन, दाखवावी. कैथीजवळ गंगा-गोमतीच्या संगमाकडे ती श्वास घ्यायला क्षणभर वर येते. भारताचा हा राष्ट्रीय जलचर जवळजवळ आंधळा आहे. गढूळ पाण्यात तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. आपल्याला तिचा उपयोग काय, असं मूल विचारेल. तेव्हा सांगावं, ‘ती देवाला आवडते, एवढं पुरे आहे.’

सूंसचे डोळे असे का झाले, हाही प्रश्न येईल. तेव्हा उत्क्रांतीला भिऊ नये. बायबल हे प्राणिशास्त्राचं पाठ्यपुस्तक नव्हे. वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठातला संन्यासी होता. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापून आला. बनारसच्या घरात चूडा-मटरसाठी, म्हणजे पोहे-वाटाण्यासाठी, शेंगा सोलताना मेंडेलची गोष्ट सांगता येते. याच शहरातल्या भाजीपाला संशोधन संस्थेने ‘काशी नंदिनी’, ‘काशी उदय’ हे वाटाण्याचे वाण तयार केले, हेही सांगता येतं. शोध घेणं ही श्रद्धेतली उणीव नाही, हे मुलाला घरातच कळलेलं बरं.

आता शेजाऱ्यांविषयी. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केलं. गंगेला आई मानून ते तिच्यात स्नान करत आणि तुळशी घाटावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत तिच्या पाण्यातलं प्रदूषण मोजलं जाई. ख्रिस्ती मुलाने त्यांची पूजा स्वीकारावी, असं मी म्हणत नाही. पण आईसाठी इतकं झटणाऱ्या माणसापुढे, आपण पित्याच्या निर्मितीसाठी काय केलं, हे त्याने स्वतःला विचारलंच पाहिजे. पंडिता रमाबाईंचंच पाहा. नेहेम्या गोऱ्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पण त्यांचे पहिले धडे रानात झाले. पहाटे पाखरं बोलू लागताना त्यांची हिंदू आई, लक्ष्मीबाई, त्यांना कुशीत घेऊन शिकवत असे. मराठी ख्रिस्ती परंपरेतला मला माहीत असलेला सर्वांत सुंदर निसर्गपाठ असा शेजारच्या धर्मातून आला आहे. तो लपवण्याचं कारण नाही. त्याबद्दल आभार मानावेत.

हा पाठ रविवारच्या शाळेवर सोपवून चालणार नाही. तिथे तास असतो, घरात ऋतू असतात. तिथे वचन पाठ होतं. नाताळला प्लॅस्टिकचं झाड आणायचं की नाही, हे मात्र घरात ठरतं. मुलाला किती वचनं येतात, यावर पाठाची परीक्षा होत नाही. पाणी, पाखरू, तण यांच्याविषयी त्याला काही देणं लागतं असं वाटतं का, यावर होते. ते देणं आईवडील स्वतः फेडताना दिसले, तरच मुलाला ते खरं वाटेल.