कर्ता आणि करण

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर आले, की बख्शी का तालाब लागते. बख्शी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा आणि त्याचा हिशेब देणारा अधिकारी. आज हे गाव ओळखले जाते ते विमानदलाच्या तळामुळे, आणि बदलीच्या वाऱ्याने इथे येऊन पडलेली आम्ही काही मराठी कुटुंबे संध्याकाळी एकमेकांच्या अंगणात जमतो, तीही या तळाच्याच आश्रयाने. अशाच एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दिल्लीला न्यायचे ठरले आहे. तिथे म्हणे मशीनने डोक्याचे ऑपरेशन करतात." बोलता बोलता त्यांनी अंगणात खेळणाऱ्या आपल्या चौदा वर्षांच्या मुलाकडे पाहिले आणि त्या गप्प झाल्या.

मुलाला अपस्मार आहे. या रोगाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना औषधांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, आणि हा मुलगा त्या दुर्दैवी तिसऱ्या हिश्शातला. अशा वेळी मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून झटका उठतो हे शोधून काढावे लागते; तो भाग सापडला आणि काढण्याजोगा असला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो.

शोधण्याची रीत थोडक्यात अशी. रुग्णाच्या मेंदूची चित्रे आधी घेतात. रक्तवाहिन्या चुकवून तारा कोठून कोठे न्यायच्या हे शल्यविशारद त्या चित्रांवर ठरवतो. मग यंत्राचा हात ठरलेल्या कोनात येऊन कवटीशी निश्चल उभा राहतो. त्याच्या टोकाशी धरलेल्या नळीतून शल्यविशारद स्वतः सुमारे अडीच मिलिमीटरांचे छिद्र पाडतो आणि एक मिलिमीटरहूनही बारीक अशी तार आत सरकवतो. अशा दहा-पंधरा तारा घातल्या, तरी कवटी उघडावी लागत नाही. खोल तारांनी झटक्याचे मूळ शोधण्याची ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी गेल्या शतकाच्या मध्यास घडवली. यंत्राचा हात तिला पुढे मिळाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यविशारदांनी तर अशाच हाताच्या साहाय्याने, मेंदूचा रोगट अर्धगोल कवटी न उघडता उष्णतेने विलग करण्याची रीत २०२१ साली प्रसिद्ध केली.

तेव्हा "मशीनने ऑपरेशन" या शब्दांत वहिनींना दिसले ते चित्र वस्तुस्थितीला धरून नव्हते. यंत्र वाट धरून ठेवते, चालतो माणूस. परंतु चूक वहिनींची नव्हती. 'यंत्रमानव' हा आपला शब्दच फसवा आहे. शस्त्रक्रियागृहात मानव कुठेच नसतो, असतो एक हात. आणि शब्दाहूनही अधिक फसवे आहे आपले व्याकरण. "रामाने सुरीने फळ कापले" या वाक्यात कापणारा राम आणि कापण्याचे साधन सुरी या दोघांनाही मराठी एकच 'ने' लावते. कर्ता कोण आणि करण कोणते हे प्रत्ययावरून कळत नाही, अर्थावरून ओळखावे लागते. वाक्यात राम आहे तोवर अडचण नाही. पण "सुरीने फळ कापले" एवढेच म्हटले, की सुरी नकळत रामाच्या जागी जाऊन बसते. "डॉक्टरांनी यंत्राने तार घातली" या वाक्यातले डॉक्टर गळाले, की उरते "यंत्राने तार घातली". आणि करण कर्ता होऊन बसते.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. १९८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे एका रुग्णाच्या मेंदूतील गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेताना सुईची दिशा धरण्यास प्रथमच यंत्राचा हात वापरला गेला. तो हात होता कारखान्यातला, माणसांना कुंपणापलीकडे ठेवून चालवण्यासाठी घडवलेला. काम अचूक झाले. तरीही माणसांच्या इतक्या निकट त्याने काम करणे निर्धोक नाही म्हणून त्याच्या मालक कंपनीने पुढे हा उपयोग थांबवला. हात जराही थरथरला नव्हता. अडले ते एवढ्यावरच, की त्या हाताबद्दल जबाब कोण देणार.

आपण अधिकारी मंडळींनी या प्रश्नाकडे परक्या नजरेने पाहू नये. यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून कर्ता गाळण्याची कला आपण साधली आहे. "योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे," "असे निदर्शनास आले आहे," "प्रकरण निकाली काढण्यात आले" ही वाक्ये आपल्या लेखणीतून रोज उतरतात. कोण करीत आहे, कोणाच्या निदर्शनास आले, कोणी निकाली काढले, याचा त्यांत पत्ता नसतो. आपण नियमाला, परिपत्रकाला, वरिष्ठ कार्यालयाला पुढे करतो. शल्यविशारद यंत्राला पुढे करील. मोह एकच आहे.

यावर एक आक्षेप सहज येईल, आणि तो हलका नाही. माणसाचा हात थकतो, वयाने कापू लागतो. यंत्र एक-दोन मिलिमीटरांच्या अंतराने लक्ष्य गाठते. मग चुकीसाठी दोष देण्यास कोणीतरी माणूस हवाच, हा हट्ट म्हणजे निव्वळ अहंकार नव्हे काय? आईला मूल बरे व्हायला हवे असते, जबाबदार माणूस नव्हे.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एवढी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. आपल्या हाताच्या कौशल्याचा गर्व वाहणाऱ्या शल्यविशारदाने हे ऐकावे, आणि अधिक स्थिर साधन मिळाले तर ते नम्रपणे हाती घ्यावे. पण पाचांपैकी एक असणे म्हणजे नसणे नव्हे. पाचांच्या यादीत करण आणि कर्ता यांची नावे वेगळी आहेत, हे विसरून चालणार नाही.

वेगळेपण कशात आहे? अचूकपणात नाही, तिथे करण पुढे जाईल, जावेच. वेगळेपण आहे ते "तिथे जावे की नाही" या प्रश्नात. मद्रासमध्ये १९६०च्या दशकात डॉ. राममूर्ती आणि डॉ. बालसुब्रमण्यम यांनी, डोक्याला चौकट बसवून खोल बिंदू गाठण्याच्या त्या काळच्या तंत्राने, अनावर व हिंसक वर्तनाच्या रुग्णांच्या मेंदूंतील ठरावीक केंद्रांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांत मुलेही होती. हेतू रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा छळ कमी करण्याचा होता. परंतु माणसाचे वर्तन शांत करण्यासाठी त्याच्या मेंदूचा भाग नष्ट करावा का, याचे उत्तर त्या चौकटीच्या कोणत्याही अंकात नव्हते. तो प्रश्न पुढे जगभर विचारला गेला, तो माणसांनी, माणसांना. सुई जितकी अचूक, तितका हा प्रश्न अधिक जड होतो. कारण पूर्वी "पोहोचता येत नाही" हे उत्तर तरी होते.

म्हणून मला वाटते, यंत्राचा हात वापरणाऱ्याने दोन गोष्टी स्वतःजवळ ठेवाव्यात. एक, थांबवण्याची शक्ती. यंत्राने दाखवलेली वाट चुकीची आहे हे ओळखण्याइतके ज्ञान नसेल, तर थांबवण्याचा अधिकार केवळ कागदावर राहतो. तेव्हा उद्याच्या तरुण शल्यविशारदाने मेंदूची रचना यंत्राच्या पडद्याबाहेरही जाणली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे वाक्यातला कर्ता. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना, आणि काही बिघडले तर विशेषेकरून, "मी" हा शब्द.

मुलाचे वडील विमानदलात तांत्रिक अधिकारी आहेत. विमान उडण्यापूर्वी 'फॉर्म ७००'वर सह्या होतात. उपकरणे कितीही सुधारली तरी ती रीत सुटलेली नाही. दिल्लीस जाऊन आल्यावर त्यांनी मला सांगितले, "डॉक्टरांना मी एकच विचारले, सही कोणाची? ते हसले आणि म्हणाले, 'मशीन से करेंगे, मगर करेंगे हम।'"

इतकी वर्षे या प्रांतात राहून मला हे सुचले नव्हते. हिंदीत कर्त्याला 'ने' आणि साधनाला 'से'. मराठीने एका प्रत्ययात मिसळलेल्या दोन गोष्टी इथली भाषा वेगळ्या ठेवते. डॉक्टरांनी हे व्याकरण म्हणून सांगितले नसेल, पण एका बापाला त्यातून नेमके हवे ते मिळाले.

तारा घालून झाल्या आहेत. झटक्याचे मूळ सापडले, तर पुढली शस्त्रक्रिया होईल. ते अजून ठरायचे आहे. वहिनी अजून रात्री जागतात. परवा त्या म्हणाल्या, "डॉक्टर मशीनने करणार आहेत." वाक्य जवळजवळ तेच होते. पण या वेळी त्यात डॉक्टर होते.