आवारातला कुत्रा, फाटकाबाहेरची माणसं

अमेरिकन विद्यापीठांच्या अभिलेखागारांतल्या जुन्या छायाचित्रांत कुत्रा हटकून भेटतो. फुटबॉल संघाच्या पुढच्या रांगेत, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर, गणवेशातल्या विद्यार्थ्यांच्या संचलनापुढे. त्याचं एक कारण तांत्रिक आहे. प्रकाश घ्यायला वेळ लागे तेव्हा हललेल्या कुत्र्याच्या जागी नुसता धूसर डाग उमटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्र क्षणात टिपता येऊ लागलं आणि कुत्रा स्पष्ट झाला. १८८९ मध्ये येलच्या एका विद्यार्थ्याचा बुलडॉग, 'हँडसम डॅन', संघाचं शुभचिन्ह बनला. मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून त्याला काचेच्या पेटीत ठेवण्यात आलं.

अशी छायाचित्रं स्मरणिकेत छापतात, ती गंमत म्हणून. पण आवारात कोणाला मुभा होती, याचाही तो पुरावा आहे, आणि तो तसा वाचायला हवा.

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात १९१४ पासून 'पिग' नावाचा कुत्रा वावरत असे. तो वर्गात शिरे, ग्रंथालयात जाई. त्याला कोणी हटकत नसे. १९२३ च्या पहिल्या दिवशी, मोटारीच्या धक्क्यानंतर, तो मेला तेव्हा त्याची रीतसर अंत्ययात्रा निघाली. याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात १९४६ मध्ये हेमन स्वेट या पदवीधर पोस्टमनने अर्ज केला. तो कृष्णवर्णीय आहे, एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारला गेला. स्वेटला आत येण्यासाठी १९५० पर्यंत, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

टेक्ससमधल्याच ए अँड एम महाविद्यालयाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९३१ मध्ये तिथल्या कॅडेटांच्या गाडीखाली एक भटका कुत्रा सापडला. त्यांनी त्याला उचलून वसतिगृहात आणलं. तिथे प्राणी पाळायला बंदी होती. सकाळचं बिगुल वाजताच तो भुंकला, म्हणून त्या बिगुलाचंच नाव त्याला पडलं, 'रेव्हिली'. ती मादी होती. पुढे ती बँडच्या अग्रभागी चालू लागली आणि १९४४ मध्ये तिला लष्करी इतमामाने पुरलं. या संस्थेत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९६३ मध्ये. कॅडेटांच्या दलात मुली आल्या त्या १९७४ मध्ये.

यावर कोणी म्हणेल, यात कुत्र्याचा काय दोष? घरापासून दूर आलेल्या पोरांनी एका मुक्या जिवाला जीव लावला, त्यात वाईट ते काय? काहीच नाही. शिवाय वसतिगृहाचा नियम आणि राज्याचा वर्णभेदाचा कायदा एका तराजूत घालता येणार नाहीत, हेही खरं. पण बाहेर ठेवलेल्यांना दर वेळी एकच सांगितलं जातं: आमचा नाइलाज आहे, नियम तसा आहे. रेव्हिलीचं छायाचित्र सांगतं की मनात असलं की नियम वाकत होता. स्वेटच्या बाबतीत तर राज्याने उलट खटपट केली. त्याला आत घ्यावं लागू नये म्हणून कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने वेगळं विधी महाविद्यालय उभं केलं.

कुत्र्याला मुभा देणं सोपं, कारण तो पदवी मागत नाही, मत मागत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६१ मध्ये स्प्राउल प्लाझातल्या कारंज्याला 'लुडविग' या कुत्र्याचं नाव दिलं. तो रोज तिथे पाण्यात डुंबत असे. १९६४ मध्ये त्याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना आवारात राजकीय प्रचाराची टेबलं मांडायला मनाई केली. एका कार्यकर्त्याला अटक झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी पोलिसांची गाडी त्याच प्लाझात ३२ तास अडवून धरली. बोलणाऱ्यांना आवारात जागा मिळवण्यासाठी भांडावं लागलं.

आपल्याला हा पेच नवा नाही. एकलव्याच्या कथेत पांडवांबरोबर एक कुत्रा आहे. एकलव्यावर भुंकला म्हणून त्याचं तोंड बाणांनी भरतं, आणि ते पाहूनच द्रोणांच्या शिष्यांना या धनुर्धराचा पत्ता लागतो. म्हणजे राजपुत्रांच्या लवाजम्यात कुत्र्याला जागा होती; द्रोणांकडे शिकायला आलेल्या निषादाला नव्हती. आपण ही कथा सांगताना अंगठ्यावर थांबतो, कुत्र्याकडे बघत नाही.

अभिलेखागारांनी ही छायाचित्रं आता भराभर संगणकावर चढवली आहेत. 'कुत्रा' हा शब्द टाकला की ती पुढ्यात येतात. कोण नव्हतं, हे कोणत्याही शोधात सापडत नाही, कारण न आलेल्यांचं छायाचित्र निघत नाही. म्हणून ते छायाचित्राखालच्या ओळीतच लिहायला हवं. कुत्र्याचं नाव, वर्ष, ठिकाण जरूर द्यावं. त्याला लागूनच, त्या वर्षी या आवारात कोणाला प्रवेश नव्हता तेही छापावं. स्मरणिकेची गोडी थोडी कमी होईल, पण इतिहास म्हणून ते छायाचित्र तेव्हाच पुरं होईल.