विटेला विटेचीच माती



एखाद्याची कापलेली मजुरी परत दिली म्हणजे त्याचे सगळे देणे फिटते का? हा प्रश्न आम्हाला एका भट्टीमुळे पडला.

नाताळचे पाव-केक आपणच भाजावेत म्हणून गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही काही जणांनी चर्चच्या आवारात विटांची भट्टी बांधायला काढली. गवंडीमामा म्हणाले, "सिमेंट नको. आत जाळ राहणार. विटेला विटेचीच माती लावा." आम्ही हसलो. सिमेंटच्या उरलेल्या गोण्या समोर होत्या आणि मामा शाळेत गेलेले नव्हते. तिसऱ्या जाळाला घुमट तडकला, सांध्यांतला माल भुगा होऊन गळू लागला. आम्ही मामांची निम्मी मजुरी कापली आणि भेटेल त्याला सांगितले, 'काम कच्चे केले.' दिवाळीनंतर मामा-मामी उचल घेऊन ऊसतोडीला गेले. बीड जिल्ह्यातल्या लाखो माणसांची तीच वाट.

पुढे चौकशी केल्यावर कळले. घट्ट झालेल्या सिमेंटमधल्या चुन्यात पाणी बांधलेले असते. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला ते निघून जाते. भट्टी थंडावली की तो चुना हवेतली ओल ओढतो, फुगतो आणि सांधा फोडतो. मातीचा सांधा विटेबरोबर फुगतो, आकसतो. गुऱ्हाळाची चुलवणे आपल्याकडे मातीत बांधत आले ते उगीच नव्हे.

हंगाम संपल्यावर मामा परतले. आपली काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून वीटभट्टीवरची माती आणून चाळली, चार दिवस भिजवली. एक पाटी मातीला दोन पाट्या पक्क्या विटांची सुरखी मिसळली; त्याने माती कमी आकसते. सांधे बारीक ठेवले. भट्टी सावकाश वाळू दिली, मग रोज थोडा थोडा जाळ वाढवला. आता ती धडधाकट आहे.

मजुरी आम्ही पुरी दिली. मामांनी मोजून घेतली आणि म्हणाले, "पैसे भेटले. पण मला आता कुणी साधा ओटा बांधायलाबी बोलवंना."

सातव्या आज्ञेचा हिशेब पुरा झाला होता, आठवीचा राहिला होता. पैसा मोजून परत देता येतो. माणसाचे नाव मात्र दहा तोंडांनी गेलेले असते, ते कसे मोजणार? प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळाली तरी केलेले नुकसान भरून काढायचे उरतेच, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा जितक्या तोंडांनी नाव गेले, तितक्या तोंडांनी ते परत आणावे लागेल.

आम्ही घरोघरी जाऊन सांगत आहोत. जिथे पोचलो नाही, त्या घरांसाठी हे लिहिले. मामांनी आधीच बजावले होते. चूक आमची होती. कोणाला ओटा, न्हाणी बांधायची असेल तर मामांना बोलवा. त्यांचे घर आपल्या सर्वांना ठाऊक आहे.