कोठीचे माप

संग्रह हा सद्गुण, की लोभाचेच एक सभ्य नाव? कपिलतीर्थ मंडईत रोज ताजी भाजी मिळत असता कोठीत डाळी, तेल, वर्षाची कांदालसूण चटणी आणि गुळाची ढेप कशाला, असे अपरिग्रहाचा अभिमानी विचारील. परंतु अळूची जुडी घरी आली, तरी हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ हाताशी नसतील तर फदफदे होणार कसे? नाशवंत ते रोज आणावे, टिकाऊ ते बेताने साठवावे, हा गृहिणीचा जुना विवेक आहे.

तथापि या विवेकाची खरी परीक्षा संकटकाळी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला आणि कोल्हापुरात भाजी व दूध दुर्मिळ झाले. अशा वेळी भीतीपोटी दुकान रिते करणारा शेजाऱ्याचा वाटा उचलतो. सुबत्तेत बेताने भरून ठेवणारा मात्र त्या गर्दीतून एक माणूस कमी करतो, आणि त्याला देताही येते. साठा तोच, केवळ वेळ आणि हेतू यांनी त्याचे पुण्य वा पाप ठरते.

म्हणून आम्हांस वाटते, शेजारीण वाटी घेऊन दारी आली असता डब्याचे झाकण किती सहज उघडते, हेच कोठीचे खरे माप होय.